वर जाणारी टेबलं

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज भिंत पडली.

कँटीनचा हॉल आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत. तिला एक खिडकी होती, दोन ताटं शेजारी शेजारी सरकतील एवढी. त्या खिडकीतून मी बावीस वर्षं अख्ख्या विद्यापीठाला जेवू घातलं. खिडकीतून मला दिसायचे ते फक्त हात. शाईचे हात, रंगाचे हात, नखं कुरतडलेले हात. कोण किती भुकेलं आहे ते हातावरूनच कळायचं आणि त्या ताटात एक पळी जास्त पडायची. चेहरे बघायला फुरसत कुणाला होती?

सकाळी गवंड्यांनी घण घातले. धूळ खाली बसली तर पलीकडे मुलं दाटीवाटीने उभी, आणि प्रत्येकाला चेहरा. मी हातात झारा घेऊन नुसती बघत राहिले. इतकी कोवळी असतात ही? माझा मुलगा गेला तेव्हा यांच्याहून फार मोठा नव्हता. असं एकदम समोर येऊ नये कुणी, आधी सांगावं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही अशा दिसता होय? आवाजावरून मला वाटायचं, चांगल्या आडव्यातिडव्या असाल." सगळे हसले. मीही हसले असणार, कारण तोंडात धूळ गेली.

हा सगळा उद्योग माझ्या सुनेचा. ती घरं-इमारतींचे आराखडे काढते. मुलगा गेल्यावर ती माहेरी गेली नाही, माझ्याजवळच राहिली, त्याला आता चौथं वर्ष. विद्यापीठाने कँटीन बदलायचं काढलं आणि काम तिला मिळालं. माझ्या वशिल्याने नव्हे, मी तर विरोध केला होता. तिचं म्हणणं, एवढा मोठा हॉल जेवणापुरता उघडायचा आणि बाकी दिवसभर कुलूप लावून ठेवायचा हा शुद्ध वेडेपणा आहे. मुलांनी तिथे अभ्यास करावा, तालमी कराव्यात, काही विकत न घेता नुसतं बसावं. आणि नवीन सामान आणायचं नाही. आहे तेच सोडवून पुन्हा उभं करायचं.

घरी येताना म्हणाली, "आई, हे काम एकदा संपू दे. मग मला तुमच्याशी बोलायचंय."

"आत्ता बोल की."

"नको. संपू दे."

असं म्हणून कुणी पुढे काही चांगलं सांगितल्याचं मला आठवत नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, तिला बाहेरगावी नोकरी लागली असणार. जाईल ती. तरुण पोर, तुझ्या उशाशी किती दिवस बसेल?"

"बसायला कुणी सांगितलंय? तिचंच घर आहे ते."

"मग तू तिला कधी म्हणालीस का, की बाई, तुला जायचं तर जा?"

मी तिला आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. माझी बहीण म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी. लांब राहायचं आणि शहाणपण शिकवायचं.

आज आराखड्यात हरकती काढल्या. भिंत नाही म्हणजे माश्या येणार. वारा येऊन शेगडी विझणार. फोडणीचा ठसका हॉलमध्ये जाऊन मुलं खोकणार. सूनबाईने सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाली, "यावर विचार करायला आठवडा जाईल." जाऊ दे. काम घाईने करू नये. हरकती खऱ्या आहेत, मी मुद्दाम काढत नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते नीट लिहायला मला जमेल असं वाटत नाही.

हॉलच्या वर पांढऱ्या फळ्यांचं छत आहे, होतं. आज ते उतरवलं. वर कौलं असतील किंवा पत्रा, असं मी धरून चालले होते. वर काचा निघाल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत काचा. कुणीतरी माझ्याही आधी त्या झाकून टाकल्या होत्या, थंडीसाठी म्हणा किंवा आळसाने म्हणा. त्यांच्यावर काळा थर होता. कामावर आलेला नवीन सुतार शिडीवर चढला, फडकं आणि बादली घेऊन एक काच पुसली आणि तिथून उजेडाचा पट्टा सरळ खाली माझ्या परातीत पडला. त्या उजेडात तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. मग दुसरी काच पुसली, मग तिसरी. मुलं आवाज न करता वर बघत उभी होती. या कँटीनमध्ये आवाज नाही असा क्षण मी पहिल्यांदाच पाहिला.

बावीस वर्षं मी भर दिवसा दिवे लावून तांदूळ निवडले आणि डोक्यावर अख्खं आभाळ होतं. मला राग आला, आनंद झाला, आणि मग उगीचच माझ्या मुलाची आठवण आली. त्यालाही हे दिसायला हवं होतं.

हा सुतार मात्र सुस्त दिसतो. काचा पुसणं हे काय सुताराचं काम? दिवसातून तीनदा चहा लागतो त्याला, आणि चहा पिऊन झाला तरी कप खाली ठेवत नाही. आणि सूनबाईचा तरी कुणावर विश्वास नाही. शिडी धरायला दोन मजूर रिकामे उभे होते, तर ही स्वतः धरून बसली. मान मोडेपर्यंत वर बघत होती.

सोमवार, ९ डिसेंबर

कडाक्याची थंडी. नवा बाक सुरू झाला.

स्वयंपाकघराच्या बाजूने एक लांबलचक लाकडी बाक आहे. माझ्या मोठ्या पातेल्यांची वाफ आतापर्यंत धुराड्यातून फुकट जायची. ती आता नळ्यांमधून या बाकाखालून फिरते आणि मग बाहेर जाते. मला कुणी सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "वाफेवर माणसं उकडायची आहेत का?"

दुपारचं जेवण आटोपल्यावर मी तिकडे गेले. मनात होतं, जो काही न घेता नुसता बसलाय त्याला उठवायचं. सवय लागली की मग कुणी चहासुद्धा विकत घेणार नाही. जाऊन बघते तर बाकावर ओळीने मुलं झोपली होती. कुणाच्या छातीवर पुस्तक, कुणाच्या डोक्याखाली दप्तर. एका मुलीने बाकाच्या फळीला गाल लावला होता आणि तिची झोप लहान मुलासारखी होती. रात्रभर कुठे थंडीत कुडकुडतात ही पोरं? खोल्यांमध्ये यांना ऊब मिळत नाही का? मला कधी कळलंच नव्हतं, कारण खिडकीतून थंडी दिसत नाही, हात तेवढे लाल व्हायचे.

ही सगळी माझ्या भाताच्या वाफेवर झोपली होती. मला रडू आलं. मी परत गेले, पातेल्यावर झाकण अर्धवट ठेवलं आणि भात जरा जास्त शिजू दिला.

संध्याकाळी भाताचा गोळा झाला म्हणून तक्रारी आल्या. येऊ देत.

शुक्रवार, २० डिसेंबर

नमुन्याचं टेबल टांगलं.

हॉल जेवायलाही हवा आणि तालमीलाही हवा, तर टेबलं ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. सूनबाईचं उत्तर, वर. परीक्षा हॉलमधले मोडके बाक आणून सुताराने त्यांच्या फळ्यांचं एक लांब टेबल केलं आहे. पृष्ठभागावर जुन्या पोरांनी कोरलेली नावं, गणितं आणि एका मास्तरांना दिलेल्या शिव्या तशाच आहेत. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना दोर, दोर छताजवळच्या कप्प्यांच्या चाकांवरून भिंतीकडे, आणि तिथे वाळूची थैली. टेबल खाली असताना जमिनीतल्या कडीला आकडा लावायचा. आकडा काढला की वाळू खाली येते आणि टेबल वर जातं.

सुताराने आकडा काढला आणि टेबलाला खालून जरा हात दिला. टेबल जमिनीवरून उठलं, थोडं थांबलं आणि जसं कुणी झोपेतून उठतं तसं सावकाश वर गेलं. जराही कललं नाही. काचांजवळ जाऊन थांबलं. खाली फरशी मोकळी. माझ्या अंगावर काटा आला. मी कुणाला सांगितलं नाही.

उलट म्हटलं, "ढकलावं लागतंय जरा. माझ्या हाताखालच्या बायका साठीच्या आहेत. त्यांना एका बोटाने वर जाणारं टेबल पाहिजे." ही हरकत अगदी ऐन वेळी सुचली.

सुताराने डोकं खाजवलं. "वाळू वाढवतो मावशी. पण मग आकडा विसरून चालणार नाही. वर भांडी असली, माणसं रेलून बसली, तर राहील खाली. ओझं कमी झालं की आपल्या मनाने चालू लागेल."

"मी काही विसरत नाही," मी म्हटलं.

आता समिती येऊन या एका टेबलावर जेवणार. शितावरून भाताची परीक्षा. पसंत पडलं तर बाकीची टेबलं लगेच, आणि महिन्याभरात काम पूर्ण. नापसंत झालं तर नवा आराखडा, म्हणजे सगळं पुढच्या वर्षावर. नापसंत व्हावं असं मी म्हणत नाही. नुसतं लिहून ठेवलं.

मंगळवार, ७ जानेवारी

सुतार घरी आला होता, कसलं तरी माप विचारायला. माप विचारायला फोन पुरला असता, पण याला चहा पाहिजे. आला तसा आमच्या मागच्या दाराला रंधा मारून गेला. ते दार कधीपासून चिकटत होतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मी दोनदा चहा केला. माणूस वाईट नाही, फक्त वेळेचं भान नाही.

सूनबाई आज मोठ्याने हसली. कशावर ते कळलं नाही, मी आत होते. तिचं हसणं ऐकून आधी मला वाटलं रेडिओ लागलाय. नवीन कँटीन तिला मानवतंय एकूण.

मी रोज दुपारी आता बाकाच्या टोकाला बसते. मटार तिथेच सोलते. मुलं येऊन सोलू लागतात आणि निम्मे खातात. नाटकवाल्यांना माझा आवाज आवडतो म्हणे, त्यांनी मला एका राक्षसिणीचं काम देऊ केलंय. विचार करते म्हटलं.

बुधवार, २२ जानेवारी

अक्षर वाईट येतंय.

समिती आली. कुलगुरूबाई, हिशेबाचे मुख्य अधिकारी, आणखी चार गंभीर माणसं. दोन्ही बाजूंना बाक, मध्ये ते टेबल. मी टेबल मांडलं. सुपाचं मोठं पातेलं, पावाच्या टोपल्या, उकडलेले बटाटे, पाण्याचे जग. हॉलभर मुलं. सूनबाई खांबाजवळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. सुतार भिंतीजवळ.

जेवण चांगलं चाललं होतं. कुलगुरूबाईंनी दुसऱ्यांदा सूप घेतलं. मग म्हणाल्या, "हे टेबल श्वास घेतंय का?"

"लाकूड आहे," हिशेबाचे अधिकारी म्हणाले, कोपरं आणखी रोवून.

मी ते ऐकलं आणि पाव आणायला आत गेले. परत आले तेव्हा पातेलं रिकामं झालं होतं, जग रिकामे झाले होते. कुलगुरूबाई दोन शब्द बोलायला उठल्या. त्या उठल्या म्हणून सगळे उठले. सगळ्यांची कोपरं एकदम निघाली.

आणि टेबल वर निघालं.

आकडा लावलेला नव्हता. मी सकाळी फरशी पुसायला तो काढला होता, टेबलावर बाक उलटे टाकून पुसायची माझी जुनी पद्धत; आधी बाकांच्या, मग भांड्यांच्या ओझ्याने टेबल खालीच राहिलं आणि तो मी परत लावला नव्हता. बावीस वर्षांत गॅस बंद करायला मी एकदाही विसरले नाही. आकडा विसरले.

टेबल त्यांच्या छातीपाशी आलं, हनुवटीपाशी आलं, डोक्यावरून गेलं. ताटं, वाट्या, पातेलं, अर्धे खाल्लेले पाव, सगळं घेऊन. एक चमचासुद्धा घसरला नाही. एका ग्लासात तळाशी पाणी होतं, ते काचांच्या उजेडात चमकताना मला खालून दिसलं आणि ते हललं नाही. एवढा त्या माणसाचा समतोल. कुलगुरूबाई हातात रुमाल घेऊन मान वर करून उभ्या होत्या, तोंड उघडं, अगदी जत्रेतल्या पोरीसारख्या. हिशेबाचे अधिकारी नकळत हात वर करून उभे होते, पण पकडायला नाही, निरोप द्यायला असतात तसे. टेबल काचांशी जाऊन थांबलं. मी जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नाही. ते माझ्या चुकीमुळे झालं हेही त्या वेळी डोक्यात नव्हतं.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि हॉल कोसळतोय की काय असं वाटलं.

कुलगुरूबाई म्हणाल्या, "अशी सगळी करा. लवकर करा." दोन शब्द बोलायचे राहूनच गेले.

एक गोष्ट लिहायची राहिली. टेबल वर जात होतं तेव्हा हॉलमधलं प्रत्येक माणूस वर बघत होतं. सुतार आणि सूनबाई वर बघत नव्हते.

गुरुवार, २३ जानेवारी

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन-तीन चहा. शिडी. चिकटणारं दार. आणि मी बाहेरगावची नोकरी शोधत बसले.

सकाळी एक भाजी शेगडीवर ठेवून ती दुसरी चिरत होती. मी विचारलं, "सुताराच्या घरी कोण कोण असतं?"

सुरी थांबली. "मोठी बहीण. आईवडील नाहीत."

"काम संपलं की बोलायचंय ते हेच ना?"

सुरी ताटात ठेवून म्हणाली, "हो."

"आधी का नाही सांगितलंस? मी काय खाल्लं असतं का तुला?"

"काम संपायचीच वाट नव्हते बघत, आई. तुम्ही त्या मुलांच्यात बसायला लागलात की मग सांगणार होते. त्या बाकावर. तोवर धीर होत नव्हता."

माझ्या बाकावर बसण्याचा आणि तिच्या लग्नाचा काय संबंध, ते मला नीट कळलं नाही. तिला सांगितलं, आकडा कदाचित मी विसरले नव्हते, मुद्दामच लावला नसेल, मलाच खात्री नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं तुम्ही लावला नाहीत. मी सकाळी बघितला होता." मग लावला का नाहीस म्हटलं तर म्हणाली, "त्याने केलेलं टेबल होतं. पडणार नव्हतं." आणि मग आम्ही दोघी रडलो. भाजी करपली.

दिवसभर मला वाईट वाटतंय. लपवत नाही. घर मोठं आहे, आणि संध्याकाळी दिवा लावला की जास्तच मोठं होतं. ती जाणार हे मला आवडलेलं नाही. पण काल त्या दोघांचे चेहरे मी पाहिलेत, भिंत नसल्यामुळे.

रविवार, २ फेब्रुवारी

कुणाला न सांगता सुताराच्या बहिणीकडे गेले. मुलीकडून कुणीतरी जायला हवं, आणि तिचे आईवडील लांब, थकलेले. त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, तुम्हीच बघा.

बहीण शिवणकाम करते. खोलीभर कापडाचे तुकडे, एका खुर्चीवरचे उचलून मला बसवलं. मी म्हटलं, "मी मुलीकडून आलेय. तुमच्या भावासाठी विचारायला." तिने पाणी दिलं. बाई सरळ वाटली.

ती म्हणाली, "माझी काही ना नाही. मुलगी लाखात एक आहे असं भाऊ रोज सांगतो. मला धास्ती आहे ती तिच्या सासूची. पहिल्या घरची सासू. फार खमकी आहे म्हणतात. कामात एवढ्या हरकती काढल्या की माझा भाऊ वाळू भरून भरून थकला. ती सोडेल का हिला?"

मी पाणी प्यायले.

"सोडेल," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बोलले तिच्याशी. हट्टी आहे, वेळ लागला. पण समजलं तिला."

"रडली का हो?"

"थोडी."

बहिणीने मशीनवरचं कापड बाजूला केलं. "बिचारी. मुलगा गेला, आता सूनही जाणार. तिचं कसं व्हायचं?"

"पोरं आहेत तिला," मी म्हटलं. "दुपारी येऊन बसतात तिच्याजवळ. मटार खातात."

बहीण थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. लग्नाचं बोलायचं तर त्या हव्यातच. त्यांच्याशिवाय तारीख नको धरायला."

मी म्हटलं, "आणते. येईल ती."